परीक्षेला बसलेले तीन देव

आमच्या सोनालीच्या इंजिनेर व्हायला माझा इरोध व्हता, असं पावनं सांगत हिंडत्यात. सपशेल खोटं हाय. माझा इरोध फकस्त मोबाईलवर इंजिनेर व्हायला व्हता. मी शहाजी, तिचा सख्खा मामा. सोलापुरात माझा टेम्पो हाय. वाळू, ईट, सळई, सिमिट, सांगाल त्ये वाहतो. आता मला सांगा, मोबाईलमदनं कुनी भिंत बांधलेली तुमी कदी बगितलीय का?

पन लॉकडाऊन आला. पोरीनं दहावीला झकास मार्क पाडलं, सिव्हिलच्या डिप्लोमाला नंबर लागला, आनि कॉलेजलाच कुलूप. म्हनं क्लास मोबाईलवर. त्यांची वाडी सांगोल्याच्या पुढं, माळावर. बाप बिरप्पा, शेरडं-मेंढरं राखनारा मानूस. वाडीत रेंज यायची ती एकाच जागी, गावच्या पान्याच्या टाकीच्या जिन्यात, ती बी बरोबर मदोमद. वर सरकलं की जायाची, खाली सरकलं की जायाची. मग ही बया रोज जिन्यात बसायची आनि खाली शेरडं चरायची. तिकडनं सरांनी हजेरी घेतली की सोनालीच्या आदी बोकडच वराडायचा. पुढं पुढं तर सरच इचारायला लागले, "सोनाली, आज आवाज नाही आला. बोकड बरा आहे ना?"

एकदा मी वाडीवर गेलो, तर पोरगी ईटा उचलून कमरंएवढ्या उंचीवरनं खाली सोडतीय. धाडदिशी एक, धाडदिशी दुसरी. ईटा कुनाच्या? माझ्या! बिरप्पाच्या संडासासाठी मीच टेम्पोतनं आनून टाकलेल्या.

"अगं भवाने, काय चाललंय ह्ये?"

"प्रॅक्टिकल, मामा. चांगली ईट पडून फुटत न्हाय."

"पन ह्या फुटल्या की!"

"मग त्या वाईट व्हत्या. तुमाला फसवलंय कुनीतरी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फसवलं व्हतं ह्ये खरं, पन भाचीनं मामाला असं तोंडावर सांगायचं असतं व्हय? बिरप्पा शेजारी उभा राहून फुटक्या ईटा मोजत व्हता. संडास लांबला तवा मातर चार दिस माझ्याकडंच रागानं बगत व्हता.

शेवटचं वरीस तेवढं कॉलेजात गेलं. पास झाली. मग माझ्याकडं सोलापुरात ऱ्हायला आली आनि कॉटवर बसून पुन्हा मोबाईलच. आता म्हनं इमारतीला माल किती लागतो त्याचा ऑनलाइन कोर्स. माझी बायको म्हनायची, "आवो, पोरगी शिकतीय, टीव्ही बारीक करा की." माझ्याच घरात मी मुका टीव्ही बगत व्हतो. शेवटी वैतागून मीच तिला चिंचोळी एमआयडीसीत घेऊन गेलो. तितं एका कारखान्याच्या ऑफिसची इमारत चालली व्हती आनि वाळू माझी जायाची. साइटचे मोठे साहेब शिवयोगी. मानूस देवभोळा, पन तोंडानं लई फाटका.

साहेबांनी इचारलं, "कुठं शिकलीस?"

"पहिली दोन वर्षं ऑनलाइन, सर."

झालं. त्या दिसापास्नं पोरीचं नावच पडलं. "ए ऑनलाइन, टेप आण. ए ऑनलाइन, बोलत का नाहीस, रेंज गेली का?" गवंडी हसायचे, सेंट्रिंगवाले हसायचे. ही खाली मान घालून टेप आनायची. मला लई राग यायचा, पन वाळू तितंच द्यायची व्हती, म्हनून गप बसलो.

साहेबांनी तिला सरळ सांगितलं व्हतं. पहिला स्लॅब तुझ्या देखरेखीत. त्याचा रिपोर्ट पास आला तर नोकरी पक्की, नाही आला तर घरी. तिनं बापाला फोन करून ह्ये सांगितलं. बिरप्पा म्हनला, "न्हाय जमलं तर ये. शेरडं वाट बगत्यात." त्यो पोरीला धीर देत व्हता, खरं सांगतो. पन त्या राती पोरगी जेवली न्हाय.

आता ह्यो रिपोर्ट कसला, त्ये सांगतो, मला बी तवाच कळलं. स्लॅब टाकायच्या दिशी त्याच काँक्रीटचे थोडे ठोकळे लोखंडी साच्यात भरत्यात. त्यांना क्यूब म्हनत्यात. मग ते अठ्ठावीस दिस पान्यात बुडवून ठेवायचे आनि मिशनीत घालून फुटस्तवर दाबायचे. लवकर फुटले की समजायचं, स्लॅब कच्चा. पान्याबाहेर वाळले तरी कच्चेच ऱ्हात्यात म्हनं.

स्लॅबच्या दिशी मिक्सरपुढं नारळ फुटतोच. मिक्सरला हळद-कुकू लागलं. तिचा पहिलाच स्लॅब, म्हनून सोनालीनं साच्यांना बी कुकवाचं बोट लावलं. ह्ये सगळं बगत व्हती केराबाई, वॉचमन चनमल्लप्पाची बायको. दोघं साइटवरच पत्र्याच्या खोलीत ऱ्हायाचे. दुसऱ्या दिशी सोनालीनं साचे खोलले, ठोकळ्यांवर लाल रंगानं तारीख घातली आनि अलगद पान्याच्या टाकीत सोडले. एकदा केराबाई त्या टाकीत पाय धुवायला आली, तर सोनाली वराडली, "मावशी, त्याला पाय नका लावू! माझं सगळं त्याच्यावरच हाय!"

केराबाईनं जीभ चावली आनि कानाला हात लावला. सोनालीला वाटलं, चला, बाईला कळलं.

सात दिसांनी पहिले ठोकळे मिशनीत गेले, ठीक निघाले. ऱ्हायले तीन, खऱ्या रिपोर्टाचे. तेवढ्यात साहेबांनी तिला कुर्डुवाडीच्या साइटवर मापं घ्यायला धाडलं. जाताना तिनं चनमल्लप्पाला धा बारी सांगितलं, टाकीतलं पानी कमी व्हता कामा नये. त्यो म्हनला, "व्हय व्हय." वैशाखाचं ऊन, त्यात टँकर आला न्हाय. गवंड्यांनी टाकीतलं पानी प्लास्टरला उपसलं आनि ठोकळे कोरडे पडले. चनमल्लप्पा झोपला व्हता.

सोनाली परतली ती ठोकळ्यांच्या परीक्षेच्या आदल्या सांजंला. मीच एसटी स्टँडवरनं तिला साइटवर घेऊन गेलो. टाकीत बगती, तर ठणठणाट. पोरीच्या तोंडचं पानीच पळालं.

"मामा, माझे क्यूब!"

आमी सगळी साइट पालथी घातली. शेवटाला मागच्या लिंबाखाली गेलो आनि मी जागीच थांबलो. मातीचा छान चौथरा सारवलेला. त्यावर तीन ठोकळे वळीनं बसवलेले. श्येंदूर लावलेला, चांदीचे डोळे चिकटवलेले, जास्वंदीची फुलं वाहिलेली. वरनं ओलं गोनपाट. आनि लिंबाच्या फांदीला भोक पाडलेली गाडगी टांगलेली, त्यातनं थेंब थेंब पानी देवांच्या डोक्यावर. वैशाखात म्हादेवाच्या पिंडीवर गळती लावत्यात, तशी गळती!

केराबाई पदर सावरत आली. "आलीस व्हय बाई? तुझे द्येव उनात तळमळत व्हते. माझ्या जिवाला बगवंना. म्हनलं, हितं सावलीला बसवावं. आमच्या प्यायच्या हंड्यातलं पानी घातलं, पन गळती थांबू दिली न्हाय."

मी ओरडलो, "अगं बाई, ह्यो द्येव न्हाय, सिमिट हाय सिमिट!"

"मग तुमचा द्येव काय लोन्याचा हाय व्हय?" केराबाई म्हनली. कारखान्यातल्या चार बाया बी जमल्या. एकीची बंद पडलेली बोरिंगची मोटर ह्या देवाला नारळ बोलल्यावर चालू झाली व्हती.

सकाळी शिवयोगी साहेब आले. लिंबाखाली देव दिसले, तसे पायतान काढून त्यांनी हात जोडले, डोळं मिटले. डोळं उघडले तवा एका देवाच्या कुशीत लाल रंगातली तारीख दिसली.

"हे... हे आपले क्यूब आहेत?"

सोनालीनं सगळं खरं सांगितलं. साहेबांचा पारा चढला. "टाकीतनं काढून लिंबाखाली? वाळले असतील, फेल जाणार हे! फेल गेले तर नव्याकोऱ्या स्लॅबला भोकं पाडून नमुने काढावे लागतील. ए ऑनलाइन, बॅग भर."

"सर, टेस्ट तर करू या. फेल गेले तर मी सोताहून जाते."

पहिल्यांदाच ती त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलली. साहेबांनी गाडीची किल्ली काढली. पन केराबाई देवापुढं आडवी पडली. "मिशनीत? द्येव फुटस्तवर दाबनार? मी मेल्यावर न्या!"

मी पुढं व्हनार व्हतो. सोनालीनं माझा हात धरला आनि केराबाईजवळ खाली बसली.

"मावशी, ह्येंना मीच जल्माला घातलंय, ते ह्या परीक्षेसाठीच. ह्यो सगळा स्लॅब उद्या मान्सांच्या डोक्यावर ऱ्हानार हाय. त्यो टिकंल का न्हाय, ह्ये तिघंच सांगनार. आनि मी खरी इंजिनेर का मोबाईलवरली, त्ये बी ह्येच सांगनार. हितं बसवून ठेवलं, तर दोनी बी कुनाला कळायचं न्हाय."

केराबाई उठून बसली. मग नाक पुसलं आनि म्हनली, "एकल्यांना धाडनार न्हाय. मी बी येती."

मग माझ्या टेम्पोतनं निगाली वरात. केबिनमदी केराबाई, मांडीवर वाकळ, वाकळंत एक द्येव. मागं हौद्यात सोनाली, दोन द्येवांना धरून. पुढं साहेबांची गाडी. खड्डा आला की केराबाई माझ्यावर खेकसायची, "हळू की मेल्या!" टेम्पो माझा, डिझेल माझं, आनि शिव्या बी मलाच.

लॅबमदला मानूस म्हनला, श्येंदूर पुसल्याबिगर मिशनीत घालनार न्हाय. कोन पुसनार? शेवटी केराबाईनंच नळाखाली तिघांना आंगूळ घातली, डोळे काढून घेतले आनि आपल्या पदरानं कोरडे केले. पहिला ठोकळा मिशनीत गेला. बटन दाबलं. सोनाली माझ्या कानाशी म्हनली, "मामा, आकडा पंचवीसच्या वर जायला पायजे. आदी फुटला तर फेल."

आकडा चढत व्हता. केराबाई डोळं मिटून पुटपुटत व्हती. सोनालीनं माझं मनगाट असं धरलं व्हतं, की नखं रुतली. पंचवीस गेले. ठोकळा हूं न्हाय का चूं न्हाय. तिसाला कडाड्कन् आवाज झाला आनि केराबाई किंचाळली. दुसरा तिसाच्या बी वर गेला. तिसरा तर सगळ्यात दांडगा निगाला. ज्याच्यावर गळती सरळ पडत व्हती, त्योच त्यो.

साहेबांनी फुटका तुकडा उचलून हातात फिरवला. "टाकी तर रिकामी होती. ह्याला पाणी मारलं कोणी?"

"केराबाईंनी, सर. एक थेंब चुकवला नाही," सोनाली म्हनली.

साहेब काई बोलनार, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कारखान्याचे मालक रिपोर्ट इचारत व्हते. साहेबांनी फोन उचलला आनि म्हनले, "थांबा, आमच्या साइट इंजिनिअरशीच बोला." फोन सरळ सोनालीच्या हातात दिला.

पोरगी बोलली. तिन्ही आकडे सांगितले, स्लॅब पास म्हनून सांगितलं, आवाज जराबी हालला न्हाय. फोन परत दिला, लॅबच्या बाहेर आली आनि टेम्पोच्या चाकाला टेकून धो धो रडायला लागली. मी घाबरलो. मला काय असं रडनं निस्तरता येत न्हाय. पानी आनायला पळालो.

आलो तवा केराबाई तिच्याजवळ बसली व्हती. सगळे फुटके तुकडे तिनं पदरात बांधून घेतले व्हते. तिला वाटलं, पोरगी देवांसाठी रडतीय. तिच्या पाठीवरनं हात फिरवत म्हनली, "गप गं बाई, गप. फुटले तर फुटले. दुसरे कर की. तुला येत्यात करायला."

सोनाली रडायची थांबली. मग डोळं पुसून म्हनली, "व्हय मावशी. येत्यात."

मी पान्याची बाटली दोघींना दिली आनि टेम्पो चालू केला.