खोकलेमामांचे दिवे

ग्रंथालयाच्या शिपाईमामांना सगळे खोकलेमामा म्हणत, पण खोकला त्यांना कधी नव्हताच. विद्यापीठाचं हे ग्रंथालय तळघरात, तिथे खिडकी नाही आणि पुस्तकांच्या रांगा एकवीस. मामा तासातासाला फिरायचे आणि रांगेच्या तोंडाशी दोनदा खोकायचे. आतून कोणी "आहे!" म्हणालं तर दिवा राहायचा, नाहीतर बटण बंद. सव्वीस वर्षांत त्यांनी कुणाला अंधारात बसवलं नाही, की रिकाम्या रांगेत दिवा जळू दिला नाही.

पण फुकटच्या शहाणपणाला कोण विचारतो! वीजबचत समिती बसली. अध्यक्ष याच तळघरात वाचून मोठे झालेले. त्यांनी बटणं उपटून टाकली आणि माणूस हलला की लागणारे, न हलला की विझणारे दिवे आणले. अरे, वाचायला बसलेला माणूस काय नाचतो? पोरं अर्ध्या पानावर अंधारात जायची आणि बुडत्यासारखे हात हलवायची.

मामांनी हे सांगून पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, "मामा, तुम्हाला यातलं काय कळतंय?"

वर, आता बटणंच नाहीत म्हणून मामांची बदली गावाबाहेरच्या गोदामात करायचं घाटत होतं. अंथरुणाला खिळलेल्या बायकोला रोज दुपारी घरी जाऊन मामाच भरवायचे. गोदामातून ते कसं जमणार?

बदलीच्या निर्णयाची बैठकही तळघरातच ठेवली. का, तर दिवे मिरवायचे! मामा पाण्याचा जग घेऊन दाराशी उभे राहिले. अध्यक्ष कागदात नाक खुपसून अहवाल वाचत होते आणि बाकीचे बसल्या जागी पेंगत होते. यंत्राला वाटलं, खोली रिकामी. खट्! सगळीकडे अंधार गुडुप.

घाबरून एकही शहाणा हलेना. मामा सवयीने दोनदा खोकले.

"आहे!" अध्यक्षांच्या तोंडून निसटलं.

मामांनी हात हलवला, दिवे लागले. अध्यक्षांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. बदली तिथल्या तिथे रद्द झाली. पण चूक कबूल करतील तर ते साहेब कसले! कागदावर लिहिलं, 'यंत्राच्या मदतीला एक माणूस ठेवावा.' मदतीला म्हणे!

आता मामा दिवे विझू नयेत म्हणून दिवसभर रांगांमधून फेऱ्या मारतात. बचतीचं प्रमाणपत्र अध्यक्षांच्या खोलीत लटकलंय. दुपारी मामा बायकोला भरवायला घरी जातात, तेवढा वेळ पोरं हात हलवत वाचतात.