धुळाप्पा मास्तरांनी तपासलेला परिच्छेद

धुळाप्पा मास्तर मूळचे सांगोल्याकडचे, मेंढपाळाच्या घरातले. त्या घरात अक्षर ओळखणारे ते पहिले. एकोणीसशे तेहेतीस साली ते सोलापुरात, बाळीवेशीतल्या बायकांच्या वर्गाला मराठी शिकवत होते. वर्गात अकरा जणी. बहुतेक विधवा, दोघी-तिघी नवऱ्याने टाकलेल्या. वर्षाअखेरीस मास्तरांनी चाचणी घ्यायची आणि पाच नावे पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजला पाठवायची. त्या पाच जणी मास्तरीण होणार. उरलेल्या सहा जणींनी जिथून आलो तिथे परत जायचे.

चाचणीत पूर्वी न वाचलेली एक गोष्ट असे आणि तिच्यावर परिच्छेद लिहायचा असे. बायका गोष्टच पुन्हा सांगत बसत. मास्तर म्हणत, "गोष्ट मला ठाऊक आहे. तुम्हाला तिच्यात काय दिसलं ते लिहा." मग त्यांनी फळ्यावर एक खुंटी काढली, खुंटीला दावे आणि दाव्याला शेळी. खुंटी म्हणजे आपले म्हणणे. दावे म्हणजे गोष्टीतला आधार. शेळी म्हणजे अर्थ.

"दावं जेवढं लांब, तेवढंच शेळीनं चरायचं. दावं नसलं की ती दुसऱ्याच्या रानात शिरते."

"आन् मास्तर, खुंटी हाय, दावं हाय, पण शेळीच न्हाय, मग?" सोनाबाईने विचारले. ती माढ्याकडची, जिभेने तिखट.

"मग तो तुमचा पेपर, सोनाबाई."

बायका हसल्या. सोनाबाईही हसली.

मास्तरांची भाषा शुद्ध होती. ती फुकट आलेली नव्हती. तरुणपणी एका परीक्षेत त्यांनी 'शेतात मेंढरं बसवली' असे लिहिले होते. खतासाठी कळप शेतात मुक्कामाला ठेवणे, याला त्यांच्या घरी दुसरा शब्दच नव्हता. परीक्षकाने तांबडी रेघ ओढून शेजारी लिहिले, 'कशावर बसवली? खुर्चीवर?' ते वर्ष गेले. तेव्हापासून मास्तरांनी घरचे शब्द तोंडातून एकेक करून काढून टाकले, दात काढावेत तसे. जखमा भरून आल्या आहेत, असे त्यांना वाटत असे.

काशम्मा मैंदर्गीची. घरी कानडी. वय बावीस, नवरा तापाने गेलेला. दिराच्या घरी दळणाचे जाते ओढून ती जगत आली होती. दिराने एक वर्ष दिले होते. पास झालीस तर जा, नाहीतर पुन्हा शाळेचे नाव काढायचे नाही. हे साऱ्या वर्गाला ठाऊक होते.

त्या वर्षी चाचणीला आलेली गोष्ट पानभराचीच होती. एक मूल तापाने पडले आहे. आई उशाशी बसून त्याच्या ओठांवर ओला कपडा फिरवते. बाप दोनदा दारापर्यंत येतो आणि आत न येता परत जातो. आढ्याला पाळणा गुंडाळून बांधलेला आहे. मूल म्हणते, "आई, तू जाऊ नकोस." ती म्हणते, "आता कुठं जाणार?" संध्याकाळी ताप उतरतो. संपले. गोष्टीबरोबर वरच्या कचेरीतून नमुना उत्तरही छापून आले होते: मातृप्रेमाची थोरवी.

काशम्माने लिहिले होते: 'या घरात मुलाला जन्म देणारी नाही. ती बाळंतपणात गेली आणि तान्हे मूलही गेले, कारण पाळणा गुंडाळून ठेवला आहे. उशाशी बसली आहे ती तिची आई. म्हणून जावई दारात येतो आणि सासूसमोर आत पाऊल टाकत नाही. आता कुठं जाणार, असे ती म्हणते, कारण जिच्याकडे ती येत होती ती लेक उरली नाही.'

मास्तरांनी तो परिच्छेद तीनदा वाचला. मग काशम्माला टेबलाजवळ बोलावले.

"ही आजी कुठून आणलीत तुम्ही?"

"गोष्टीतच हाय की मास्तर. आई म्हनून लिवलंय."

"आई म्हणजे आई."

"आमच्यात आई म्हंजे आईची आई. आईला अव्वा म्हनतो."

मागून सोनाबाई म्हणाली, "आगं, आईची आजी केलीस व्हय? उद्या मास्तरांना मामा करशील."

काशम्मा मागे वळली नाही. "मराटीत आई कोन ते मला ठाव हाय. पन वाचताना घरचीच आई दिसली."

चार नावे ठरली. पाचव्या जागेसाठी सोनाबाई आणि काशम्मा बरोबरीत होत्या. फक्त परिच्छेदाचे गुण द्यायचे राहिले होते. सोनाबाईने लिहिले होते: 'मातृप्रेम हे सागरासारखे अथांग असते. आईसारखे दैवत नाही.' गोष्टीतला एक शब्दही तिने पुढे केला नव्हता. दावे नव्हतेच.

वर्ग चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी दोन्ही पेपर पाहिले. "मास्तर, तुम्ही वर्षभर जे शिकवलंत ते या काशम्मानंच केलंय."

"हो. पण एका शब्दाच्या चुकीवर केलंय."

"शब्दच ना एक? द्या पाचवा नंबर."

"पेपर वरच्या कचेरीत तपासायला जातात, बाई. तिथं कुणी विचारलं तर काय सांगू? मैंदर्गीत आजीला आई म्हणतात म्हणून?"

"तेच सांगा."

मास्तरांनी पेपर पुन्हा पुढ्यात ओढला. तेच सांगायचे होते, आणि घरच्या शब्दापायी वर्ष गमावलेले ते एकटेच ते सांगू शकत होते. पण ते सांगायला त्यांना स्वतःच्या तांबड्या रेघेला खोटे म्हणावे लागले असते. त्या रेघेवर त्यांनी वीस वर्षे घर बांधले होते. त्यांनी काशम्माच्या पेपरवर लिहिले, 'मूळ शब्दार्थ चुकला.' सोनाबाईला अर्ध्याहून दोन गुण जास्त दिले. पाचवे नाव सोनाबाईचे, अशी यादी आपल्याच अक्षरात लिहिली.

यादी लागली त्या दिवशी ऊन इतके होते की अंगणातली फरशी पांढरी दिसत होती. गिरणीचा दुपारचा भोंगा झाला. काशम्मा वर्गात आली ती एक कागद घेऊन.

"मास्तर, दिराला पत्र लिवलंय. ते गावातल्या मास्तरांकडनं वाचून घेत्यात. चूक निघाली तर दोघं मिळून हसतील. जरा बघा की."

मास्तरांनी कागद घेतला. 'तीर्थरूप भावोजींस, शिरसाष्टांग नमस्कार. मी चाचणीत नापास झाले. माझा शब्द चुकला. येत्या सोमवारी न्यायला यावे. पुन्हा शाळेचे नाव काढणार नाही.'

त्यांनी पत्र वरपासून खालपर्यंत वाचले. पुन्हा वाचले. ऱ्हस्व-दीर्घ पाहिले, अनुस्वार पाहिले, एकेका शब्दावर बोट ठेवले. कुठेतरी काहीतरी सापडावे, म्हणजे तिला थांबवून घेता येईल, काही समजावून सांगता येईल, असे त्यांना वाटत होते.

"हाय का चूक?" काशम्माने विचारले.

"न्हाय," मास्तर म्हणाले.

तिने कागदाची घडी केली आणि ती टपाल गाठायला गेली.