हवाताईच्या आवाजात

हवाताईला एका जागी बसवणं म्हणजे मांजराला अंघोळ घालणं, असं तिचा नवरा म्हणायचा. जेवता जेवता ती दोनदा उठणार, खिडकीशी जाऊन आभाळ बघून येणार. फोनवर बोलायचं तर घरभर फेऱ्या. सासरे वैतागून म्हणायचे, "अगं, टेक की जरा. तुला बघून माझे गुडघे दुखायला लागतात."

तिचं खरं नाव कागदापुरतं उरलं होतं. नदीकाठच्या सगळ्या गावांत ती हवाताई, कारण रोज सकाळी शेतकऱ्यांच्या फोनवर हवेचा अंदाज यायचा तो तिच्या आवाजात. शेतकरी संघाचं माहिती केंद्र बियाण्यांच्या दुकानाच्या माडीवर होतं. खोलीत आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या टांगलेल्या. रेकॉर्डिंग सुरू झालं की पंखा बंद. मग ती घाम पुसत, उभ्या उभ्या, माइकसमोर बोलायची. तज्ज्ञ लिहून पाठवायचे, 'सापेक्ष आर्द्रतेत वाढ संभवते.' ती म्हणायची, "आज हवा दमट आहे, फवारणी उद्यावर टाका." तज्ज्ञांची हरकत नसायची. उलट ते म्हणायचे, मी लिहितो ते घरी माझी बायकोसुद्धा ऐकत नाही.

निरोपाच्या शेवटी नदीच्या पाण्याची ओळ असायची. नदीत एक यंत्र बसवलेलं होतं. पाण्यात काही घाण मिसळली की ते केंद्राला कळवायचं. यंत्राने पाणी ठीक म्हटलं तरी हवाताई बोलण्याआधी, नदीचं पाणी कालव्यात चढवणाऱ्या पंपघरात फोन लावायचीच.

"काका, पाणी कसं दिसतंय?"

"पाण्यासारखं," पंपवाले काका म्हणायचे. रोज तेच उत्तर, आणि रोज दोघं हसायची.

मग संघाने नवी व्यवस्था आणली. आता प्रत्येक शेताला वेगळा निरोप जाणार होता. कुणाची जमीन किती ओली आहे, कुणाच्या पिकाला आज काय हवं, हे ज्याचं त्याला. व्यवस्थापक साहेब म्हणाले, "ताई, एवढ्या लोकांना वेगवेगळं सांगायचं तर तुमचा घसा बसेल. आपण तुमच्या आवाजाचं यंत्र करू. लोकांना तुमचीच सवय आहे."

तिलाही ते पटलं. पटलं कसलं, आवडलंच. कित्येक दिवस ती गाद्यांच्या खोलीत अर्थ नसलेली वाक्यं वाचत बसली. 'जांभळी मांजर कौलावरून उतरली.' 'उद्या परवा कधीतरी कालच होता.' वाचता वाचता हसू फुटायचं आणि सगळं पुन्हा करावं लागायचं. संघाची इंजिनिअर, चष्मा लावणारी एक तरुण मुलगी, काचेच्या पलीकडून हात जोडायची. शेवटी सगळं जमलं. हवाताईने सह्या केल्या. तिला दुपारी तक्रारीचे फोन घ्यायचं काम मिळालं. पगार तोच. कुरकुर करायला जागाच नव्हती.

पहिल्या सकाळी घरातला फोन वाजला. सासऱ्यांनी स्पीकर लावला आणि आतून हवाताई म्हणाली, "नमस्कार, मी तुमची ताई बोलतेय." हवाताई तर ओट्याशी उभी होती.

"बोल गं," सासरे फोनला म्हणाले.

"घरात एक पुरत नव्हती म्हणून दुसरी आली," नवरा म्हणाला आणि आपल्या मोटारदुरुस्तीच्या दुकानात निघून गेला.

ती हसली. पण त्या दिवसापासून तिला चैन पडेना. सकाळ मोकळी पडली होती आणि त्या मोकळ्या सकाळचं काय करावं ते कळत नव्हतं. कपडे धुऊन व्हायचे, परत तेच झटकायची. निरोप आला की कान देऊन ऐकायची. इथे मी थांबले असते. इथे श्वास घेतला असता. त्या बाईला श्वास लागत नव्हता, सर्दी होत नव्हती, कधी घाई नसायची. बाजारात कुणीतरी हात धरून म्हणायचं, "ताई, तू सांगितलंस म्हणून कोबी वेळेत काढला बघ." आपण काय सांगितलं ते तिला ठाऊकच नसायचं. "बरं झालं," असं म्हणून ती पुढे सरकायची आणि तिला वाटायचं, कुणीतरी आपल्या चपला घालून गावभर हिंडतंय.

नदीची ओळ मात्र बदलेना. 'नदीचं पाणी स्वच्छ आहे. शेतीला आणि जनावरांना द्यायला हरकत नाही.' काल तेच, आज तेच. एकदोनदा तिचा हात फोनकडे गेला. काकांना विचारावं का? पण आता ते आपलं काम नाही, असं तिने स्वतःला बजावलं. त्या बजावण्यात थोडा रुसवाही होता. संघाला माझी गरज नाही ना, मग बघू देत त्यांचं ते.

रुसवा टिकवायलासुद्धा एका जागी बसावं लागतं. एका सकाळी निरोप ऐकला, ओळ तीच, आणि ती स्कूटर काढून सरळ पुलावर गेली. गाडी उभी करायच्या आधीच वास आला. सडलेला लगदा शिजवल्यासारखा. खाली पाण्यावर पिवळट फेस होता आणि काठच्या गवतात छोटे मासे उलटे पडले होते. वरच्या अंगाला पुठ्ठ्याचा कारखाना होता. तो मधूनमधून घाण सोडतो हे सगळ्यांना माहीत होतं, आणि म्हणूनच तर ते यंत्र बसवलं होतं.

तिने पंपघरात फोन लावला.

"काका, पंप चालू आहेत?"

"केव्हाच केले. पहाटे पाणी बरं होतं. तूच सांगितलंस ना, हरकत नाही म्हणून."

"काका, बंद करा. आत्ता. मी पुलावर उभी आहे, मासे मेलेत."

काका बटणांकडे धावले. फोनमधून तिला पंपांची घरघर खाली बसत गेलेली ऐकू आली. पण जे पाणी कालव्यात गेलं होतं ते वाटेला लागलं होतं.

मग इंजिनिअर. ती कुठल्यातरी शेतावर होती. वारा फोनमध्ये शिरत होता. "थांबा ताई, बघते." मग तिचा आवाज बारीक झाला. "आकडा हललेलाच नाही. कित्येक दिवस तोच आहे. यंत्र गाळात रुतलं असणार. मी साफसफाईसाठी माणूस मागितला होता, पण मला हे दिसायला हवं होतं."

"ते नंतर. निरोप थांबव."

"निरोप गेला, सगळ्यांना. दुसरा पाठवते. साहेबांची परवानगी लागते, पण नंतर काय ते ओरडू देत."

दुसरा निरोप तिने खरंच पाठवला, चटकन. पण सकाळचा निरोप ऐकून झालेला होता. फोन वाजला, तोच आवाज आला, 'नमस्कार, मी तुमची ताई', की लोकांनी तो कापून खिशात टाकला. एका दिवसात तेच तेच दोनदा कोण ऐकतं?

हवाताई पुलावर येरझाऱ्या घालत एकेकाला स्वतः फोन लावू लागली. पंपघराच्या पुढे, कालव्याकाठी दूधवाल्या काकूंचा गोठा होता. कालव्याचं पाणी सगळ्यात आधी तिथे पोचायचं, म्हणून पहिला फोन त्यांना.

"हॅलो काकू, मी हवाताई..."

टक. फोन बंद.

परत लावला. परत टक. मग रोपवाटिकेवाल्याला. "नमस्कार, मी..." टक. स्वतःच्या आवाजावर तिचा हक्कच उरला नव्हता. तो कानावर पडला की माणसं फोन ठेवत होती. पुढच्याला ती ओरडूनच म्हणाली, "अहो, ठेवू नका! मी मशीन नाही, मी खरी आहे!"

पलीकडे माणूस जरा घुटमळला. "मशीनही असंच म्हणत असेल," तो म्हणाला आणि त्याने ठेवला.

मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. टोमॅटोवाल्या शेजाऱ्याला फोन लागताच तिने नमस्कार वगैरे केलाच नाही. "तुझ्या बायकोचा कुकर अजून माझ्याकडे आहे, आणि शिट्टी माझ्या हातून हरवलीय."

"आं? हवाताई? मग कुकर देणार कधी?"

"कुकर मरू दे, आधी कालव्याचं पाणी अडव! विषारी आहे. आणि तुझ्या पुढच्या सगळ्यांना हाक मार, धावत जा."

असं सुरू झालं. कुणाला त्याच्या बहिणीच्या लग्नातली फजिती आठवण करून दे, कुणाला शिवी घाल, कुणाच्या आजारी म्हाताऱ्याची चौकशी करून मगच मुद्द्यावर ये. नवऱ्याने दुकानातून गिऱ्हाइकांना फोन लावायला घेतले. सासऱ्यांनी घराच्या फोनवरून आपले सगळे जुने सोबती गाठले. त्यांना स्वतःला कमी ऐकू येत असल्यामुळे ते एवढ्या मोठ्याने बोलत होते की अर्ध्या गल्लीला फोनशिवायच कळलं. कालव्याकाठाने लोक एकमेकांना ओरडून सांगू लागले आणि फळ्या घालून पाणी अडवू लागले.

आणि हवाताई स्कूटरवरून काकूंच्या गोठ्याकडे निघाली होती. पोचली तेव्हा हौद भरलेला होता आणि गाईंचं पाणी पिऊन झालं होतं. काकू बादली घेऊन उभ्या होत्या. एक गाय मान खाली घालून थरथरत होती. गाभण होती ती.

"काकू, मी फोन करत होते..."

"ऐकला की सकाळी," काकू म्हणाल्या. "तू म्हणालीस हरकत नाही. तुझं ऐकून पाजलं मी."

'ती मी नव्हते,' हे शब्द हवाताईच्या अगदी ओठांपर्यंत आले. पण त्या थरथरणाऱ्या जनावरासमोर ते तोंडातून बाहेर पडेनात. तिने हौदाचं बूच उपसलं, पाणी वाहून जाऊ दिलं आणि जनावरांच्या डॉक्टरांना आणायला पुन्हा स्कूटरला किक मारली.

बाकीच्या गाई वाचल्या. गाभण गाय दुपारी गेली. रोपवाटिकेची दोन वाफे रोपं करपली. खाली कालव्याच्या शेपटापर्यंत मात्र घाण पोचली नाही. लोक म्हणाले, थोडक्यात निभावलं. काकूंसमोर कुणी तसं म्हणालं नाही.

कारखान्याला टाळं लागलं आणि काही काळाने निघालंही. संघाने काकूंना भरपाई दिली. पण हवाताईचा जीव खालीवर होतच राहिला. फोन वाजला की ती दचकायची, आणि पुढे तिचाच आवाज शांतपणे सांगायचा की आज ऊन आहे. शेवटी संघाच्या सभेत ती उभी राहिली.

"माझा आवाज काढून टाका."

व्यवस्थापक साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी हळूच सांगितलं, "ताई, तुम्ही सह्या केल्यात. आवाज आता संघाचा आहे."

"असेल. पण माझ्या तोंडून जे जाणार ते मला आधी कळलं पाहिजे. नाहीतर ते तोंड माझं नको."

सभेत कुजबुज झाली. टोमॅटोवाला म्हणाला, "पण सवय झालीय गं तुझी. दुसरा कुणी बोलला तर सकाळ झाल्यासारखी वाटणार नाही." दोघातिघांनी माना डोलावल्या. हवाताईला राग आला आणि बरंही वाटलं, आणि दोन्ही एकदम वाटल्यामुळे ती खाली बसली. मग इंजिनिअर उठली. चूक माझीही आहे, म्हणाली. नदीतल्या यंत्राचा आकडा हलला नाही तर ते आपणच ओरडेल, अशी सोय ती करणार होती. "आणि यंत्र बोलणार असेल तर त्याने यंत्रासारखं बोलावं. लोकांना कळू दे कोण बोलतंय."

एका सभेत काही ठरलं नाही. चर्चा झाली, चहा झाला, पुन्हा सभा झाली. साहेबांनी वर विचारलं. या साऱ्या काळात तो आवाज बोलतच राहिला. हवाताईने घरचा फोन उचलणं सोडून दिलं. रात्री झोपेत ती कूस बदलत राहायची, नवरा म्हणायचा, "झोपेत तरी बस गं."

अखेर ते झालं. शेताशेताचा निरोप आता एका पुरुषी, लाकडी आवाजात येतो आणि सुरुवातीलाच सांगतो की मी यंत्र आहे. लोकांना तो बिलकूल आवडत नाही. सासरे त्याला उत्तर देत नाहीत. नदीच्या पाण्याचं मात्र हवाताई स्वतः बोलते, त्याच गाद्यांच्या खोलीत, पंखा बंद करून. बोलण्याआधी इंजिनिअरकडून यंत्राचं ऐकते आणि काकांकडून पंपघराचं. यंत्र गाळातून काढून घासायला दर आठवड्याला ती आणि इंजिनिअर दोघी पाण्यात उतरतात.

आधी दुसरीकडून दूध घेणारी हवाताई आता काकूंकडून घेऊ लागली. काकू दूध मापून घालायच्या आणि पाठ फिरवायच्या. हवाताई उगीच गोठ्याच्या दाराशी रेंगाळायची, गाईच्या पाठीवर हात फिरवायची आणि निघायची. असे बरेच दिवस गेले.

मग एकदा काकूंनी किटलीचं झाकण लावता लावता, तिच्याकडे न बघता विचारलं, "पाणी कसं आहे आज?"

पाणी चांगलं होतं. थोड्या वेळापूर्वीच ती ते सगळ्या गावांना सांगून आली होती.

"थांबा काकू, बघून येते," हवाताई म्हणाली आणि किटली तिथेच ठेवून स्कूटरकडे धावली.