बिननावाचं वर्तुळ

माझी आत्या मोठमोठ्या संस्थांचा अभ्यास करते. म्हणजे नक्की काय करते, हे आमच्या घरात कुणालाच धड सांगता येत नाही.

"लोकांच्या ऑफिसात जाऊन नाक खुपसते," बाबा म्हणतात, "आणि वर पगार घेते."

"तू फुकट खुपसतोस, दादा. मी निदान शिकून खुपसते."

तिची पद्धत साधी आहे. साहेब कोण, हे ती विचारतच नाही. भेटेल त्याला एकच प्रश्न: "काम अडलं की कुणाकडे जाता?" माणूस म्हणजे वर्तुळ, उत्तर म्हणजे रेघ. रेघा काढत गेलं की संस्था खरी कशी चालते ते दिसतं. आणि नाव कुणाचंही छापायचं नाही, हा तिचा शब्द.

गेल्या वर्षी एका रुग्णालयाने तिला बोलावलं. ठरलेली ऑपरेशनं ऐनवेळी रद्द होत होती आणि प्रत्येक विभाग दुसऱ्याकडे बोट दाखवत होता. आत्याने रेघा काढल्या, तर त्या सगळ्या तळघरात उतरल्या, धुतलेल्या चादरींच्या खोलीत. तिथल्या बाईंना सगळे चादरताई म्हणतात. चादरी न्यायला प्रत्येक वॉर्डातलं कुणी ना कुणी येतंच, आणि ताई गठ्ठा देता देता सांगतात, "हाडवाल्यांचा पेशंट ताप घेऊन बसलाय. तुमचा आधी घ्या वर, ऑपरेशनला."

आत्याने लिहिलं, विभागांना जोडणारं हे वर्तुळ जपा. नाव गाळलं. खाली 'चादरखोली' एवढंच ठेवलं. त्या खोलीत माणूस मात्र एकच आहे, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

रुग्णालयाच्या संचालकांच्या ते लगेच ध्यानात आलं. "एकाच व्यक्तीवर एवढा भार म्हणजे धोका," ते म्हणाले. 'अभ्यासाच्या निष्कर्षानुसार' चादरताईंची बदली शहराबाहेरच्या शाखेत करायचा आदेश तयार झाला. सही तेवढी बाकी. विभागांचे निरोप पोचवायला त्यांच्या जागी संगणक येणार होता.

आत्या धावत तळघरात गेली.

"या मॅडम. अजून काही रेघा राहिल्यात का?"

"ताई, शप्पथ, मी तुमचं नाव कुठेही..."

"नाव नाही घेतलंत. पत्ता दिलात फक्त." ताई चादरीची घडी घालत राहिल्या. "आई अंथरुणाला खिळलीये माझी. मागच्याच गल्लीत राहतो आम्ही. दुपारच्या सुट्टीत जाऊन तिची कूस बदलते मी. तिकडून कशी येऊ?"

आत्या तशीच जिना चढून संचालकांच्या खोलीत शिरली. पुढचं मला तिने उभं राहून, हातवारे करत सांगितलं.

"बदली थांबवा."

"तुमचाच अहवाल आहे, मॅडम."

"जपा म्हटलं होतं मी! उपटा नाही!"

"आवाज खाली. तुम्ही माहिती दिलीत, निर्णय समितीने घेतला."

"समितीत कोण?"

"विभागप्रमुख."

"वर येताना वाटेत दोघांना विचारलं मी. ते म्हणतात, संचालकांनी घेतला."

"तसं नसतं ते. अशा निर्णयांची एक प्रक्रिया असते."

ऐकतानाच अशी चीड येते ना! शेकडो माणसांच्या त्या इमारतीत 'मी ठरवलं' म्हणायला एकाचीही जीभ रेटत नव्हती. एका बाईची दुपार हिसकावायची आणि बोट दाखवायचं कागदाकडे!

"ठीक आहे," आत्या म्हणाली. "अहवाल मी मागे घेते. तसं आजच सगळ्या विभागांना लेखी कळवते. आदेशातली माझी ओळ काढा आणि खुशाल बदली करा. कारण मात्र तुमच्या शब्दांत लिहा."

"असं केलंत तर तुमचं उरलेलं मानधन मिळणार नाही. पुन्हा इथे कामही नाही."

"नको."

ओळ काढावीच लागली. तिच्या जागी काय लिहायचं ते कुणाला सुचेना. आदेश या टेबलावरून त्या टेबलावर फिरला, सर्वांनी वाचला, सही कुणीच केली नाही. अजूनही तो कुठेतरी पडून आहे, आणि चादरताई आहेत तिथेच आहेत.

परवा मी आत्याला म्हटलं, "म्हणजे जिंकलीस की!"

"डोंबल! कोणीही उद्या सही करेल. कालच गेले होते गं ताईंना भेटायला. मला बघून त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं."