दत्ताने लपवलेला वरचा सा

समस्त लालबाग, परळ, करी रोड येथील चाळकरी, टॉवरवासी, आणि गणपतीच्या आगमनाला ज्यांनी ज्यांनी कान दिले किंवा कानांत बोटं घातली अशा सर्व नागरिकांस या लेखाद्वारे जाहीर करण्यात येतं, की गेली कित्येक वर्षं ज्यांच्यावर अकाली म्हातारपणाचा आणि ऐनवेळी कच खाण्याचा ठपका होता ते माझे दोन्ही ओठ, वरचा आणि खालचा, संपूर्ण निर्दोष आहेत. खरा गुन्हेगार सापडला आहे. त्याला शिक्षा करता येत नाही एवढीच अडचण आहे, कारण दीड महिन्यापूर्वी तो वारला. त्याचं नाव दत्ता. माझा सगळ्यात जवळचा मित्र.

तो गेल्याचा फोन आला तेव्हा मी लालबागला मसाल्याच्या डंकासमोर उभा होतो. समोर लाल मिरची कुटली जात होती, मी शिंकत होतो, डोळ्यांतून पाणी गळत होतं. फोनवर सुनंदावहिनी होत्या, दत्ताची बायको. म्हणाल्या, "भावजी, हे गेले. चहा प्यायले, पेपर उघडला, आणि तसेच बसून राहिले..." मी फोन ठेवला आणि तिथेच हमसून हमसून रडायला लागलो. डंकवाल्याने माझ्याकडे बघितलं आणि आपुलकीने विचारलं, "काय साहेब, पहिल्यांदाच आलात वाटतं मसाला करायला?" दत्ताला हे सांगायला हवं होतं. तो पोट धरून हसला असता. ते अश्रू मी आता परत मागतो आहे, पण त्याबद्दल पुढे.

आमची ओळख ब्रास बँडमधली. मी दिवसा विमा कंपनीत फायली हलवायचो आणि संध्याकाळी ट्रम्पेट वाजवायचो. दत्ता दिवसा वडाळ्याच्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर, लेथवर लोखंड आणि पितळ कातायचा, आणि संध्याकाळी युफोनियम वाजवायचा. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, युफोनियम म्हणजे मांडीवरच्या गुटगुटीत बाळासारखं कवेत घ्यायचं भलंमोठं पितळी वाद्य, ज्याचं तोंड आभाळाकडे असतं. वाजवायला बँडमध्ये आम्ही पुष्कळ होतो, पण वाद्य आतून कसं आहे हे फक्त दत्ताला बघायचं असायचं. एकदा रविवारी दुपारी त्याने मला चाळीच्या गॅलरीत बसवलं, हातात बागेला पाणी घालायची रबरी नळी दिली, तिच्या एका टोकाला माझ्या ट्रम्पेटचा माउथपीस, म्हणजे ओठ टेकवून फुंकायचा सुटा तुकडा, खुपसला आणि म्हणाला, "फुंक." मी फुंकलं. म्हैस शिंकल्यासारखा आवाज आला. मग त्याने स्वयंपाकघरातलं रॉकेलचं नरसाळं आणून दुसऱ्या टोकाला बसवलं. "आता फुंक." आणि काय सांगू... त्या नळीतून खणखणीत सूर निघाला! समोरच्या खोलीतले आजोबा उठून बसले. आतून वहिनी ओरडल्या, "अहो, माझं नरसाळं!" पुढे आठवडाभर माझ्या तोंडाला रॉकेलचा वास येत होता आणि घरी बायको माझ्याकडे संशयाने बघत होती.

त्या दुपारी त्याने मला पितळेचं शास्त्र शिकवलं. ट्रम्पेटची नळी बरीचशी एकाच जाडीची असते आणि शेवटी एकदम फुलते, म्हणून तिचा आवाज सरळ जातो, भाल्यासारखा, आणि समोर जो असेल त्याच्या कानात घुसतो. युफोनियमची नळी जवळजवळ सुरुवातीपासून हळूहळू रुंदावत जाते, म्हणून तो आवाज गोल होतो, पसरतो, आणि तोंड वर असल्यामुळे वर चढतो. अरुंद नळी वाजवणाऱ्याशी भांडते, फुंकर मागे ढकलते, पण त्या भांडणातून सुराला टोक येतं. रुंद नळी काही विरोध करत नाही, नुसता श्वास गिळते, आणि कमी दमाचा माणूस चार ओळींत घामाघूम होतो. आणि सगळ्याची किल्ली माउथपीसमध्ये. त्याची वाटी उथळ असली तर वरचे सूर पटकन लागतात, पण पातळ आणि धारदार. वाटी खोल केली, तळाचं भोक जरा मोठं केलं, की आवाज जाडसर, तुपाळ होतो, आणि वरचे सूर हाताबाहेर जातात. "आणि गंमत काय माहितीये विज्या," तो माउथपीस माझ्या ओठांवर टेकवत म्हणाला, "ओठाला फक्त काठ कळतो. काठ तोच ठेवला ना, तर आत मी विहीर खणली तरी तुझ्या ओठाला पत्ता लागणार नाही."

वाचकहो, हे त्याने मला स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. याला मी निर्लज्जपणा म्हणतो.

त्या काळात मी बँडचा पहिला ट्रम्पेट होतो, आणि नम्रतेने सांगतो, की परळच्या नाक्यापासून लालबागपर्यंत माझ्या वरच्या सा ची दहशत होती. गणपती आणताना मिरवणूक दत्ताच्या चाळीच्या वळणावर आली की ढोलताशे थांबायचे, बाकीची वाद्यं खाली यायची, आणि मी एकटा वरचा सा लावून धरायचो. माना वळायच्या. कबुतरं उडायची. मी डोळे मिटून, ट्रम्पेट गॅलऱ्यांच्या दिशेने उचलून, मागे वाकून उभा... माझ्या शेजारी दत्ता युफोनियमवर काहीतरी खालचं भरत असायचा. त्याचंही तोंड चाळीच्या वरच्या मजल्याकडे झुकलेलं असायचं. एकदा मी विचारलं, "एवढं वाकडं होऊन कुणाला ऐकवतोस रे?" तर म्हणाला, "देवाला." मी म्हटलं, "देव तर पुढे ट्रकवर आहे!" तो हसला आणि पिस्टनला तेल घालत बसला.

मग एका श्रावणात त्याने माझा माउथपीस मागितला. म्हणाला, चांदीचा मुलामा उडालाय, आतलं पितळ ओठाला लागेल, पुरळ उठेल, आण, नवा चढवून देतो. मी दिला. का नाही देणार? दोन-चार दिवसांनी त्याने तो आरशासारखा चकचकीत करून परत आणला. पूर्वी तो माझ्या हातून जिन्यावर पडला होता आणि त्याच्या दांड्यावर एक खाच पडली होती. ती दिसेना. मी विचारलं तर म्हणाला, "भरून काढली. मित्रासाठी एवढं करायला नको?" मला गहिवरून आलं. मी त्याला चहा पाजला!

त्या वर्षी वळणावर माझा वरचा सा लागलाच नाही. नुसती हवा निघाली, मग एक फाटका कुईऽऽ, आणि गर्दीतून कुणीतरी शिट्टी मारली. घरी सराव केला, पुन्हा तेच. खालचे सूर गोड यायचे, मधले तर कधी नव्हे इतके भरदार, पण वर जिना संपलेला. आणि दत्ता? दत्ता रोज माझ्याकडे यायचा. माझे ओठ बोटाने दाबून बघायचा. च्‌ च्‌ करायचा. "ओठ दमले रे विज्या. किती वर्षं राबवलंस त्यांना? होतं असं..." तो माझ्यासाठी तुरटीचं पाणी घेऊन आला. साजूक तुपाची डबी घेऊन आला, झोपताना लावायला. मी लावलं! कित्येक महिने मी ओठांना तूप चोपडून झोपलो आणि बायकोने माझी उशी वेगळी केली. शेवटी बँडमास्तरांनी मला दुसऱ्या ट्रम्पेटवर बसवलं आणि वळणावरचा एकल तुकडा दुसऱ्याला दिला. कुणाला? युफोनियमला. दत्ताला. पुढच्या वर्षी त्या वळणावर सगळे थांबले, तो एकटा वाजवायला लागला, आणि मी शेजारी उभा राहून ट्रम्पेटमधली थुंकी काढल्याचं नाटक करत होतो. वर गॅलरीत वहिनी दोन्ही हातांनी कठडा धरून खाली बघत होत्या. एरवी आमचा बँड आला की त्या कानांवर हात ठेवून उभ्या असायच्या. डोळे भरलेले दिसले. मला वाटलं, बाईला माझी कीव आली.

लोक म्हणायला लागले, की माझा दुसरा ट्रम्पेट फार मुलायम आहे हो. मी मान झुकवून आभार मानायचो आणि मनात जळायचो. पहिल्या जागेवरून उठलेल्या माणसाला मुलायम म्हणणं म्हणजे... जाऊ दे.

परवा वहिनींचा फोन आला. त्यांची चाळ पडून तिथेच टॉवर झाला आहे. दत्ताचं सामान ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या शेजारी होतं. म्हणाल्या, "भावजी, ह्यांच्या हत्यारांतलं काय हवं ते बघा. आणि येताना ट्रम्पेट आणा, फोटोसमोर काहीतरी वाजवा." गेलो. हॉलच्या कोपऱ्यात युफोनियम तोंड खाली करून उभं होतं, वर वहिनींनी विणलेलं कव्हर. मी कानशी बघितल्या, पक्कड बघितली, आणि मग श्रीखंडाचा एक जुना डबा उघडला. आत फडक्यात गुंडाळलेला एकच माउथपीस. चांदी उडालेला. दांड्यावर खाच.

मी त्या खाचेवरून अंगठा फिरवला. मग ट्रम्पेटमधला माउथपीस काढून दोन्ही शेजारी धरले. काठ हुबेहूब तोच. आत माझी जुनी उथळ वाटी, आणि दुसऱ्यात... विहीर. नराधमाने लेथवर बसून माझ्यासाठी नवा माउथपीस कातला होता, काठ केसाचाही फरक न करता उतरवून घेतला होता, आणि मला माझ्याच ओठांवरून म्हातारं ठरवलं होतं. एक शब्द बोलला असता तर! "विज्या, जरा खाली वाजव" असं म्हणाला असता तर मी भांडलो असतो, हो, दोन महिने अबोला धरला असता, पण निदान मला माहीत असतं. त्याने माझ्याशी भांडणसुद्धा केलं नाही. तूप दिलं.

मी जुना माउथपीस बसवला, फोटोसमोर उभा राहिलो आणि फुंकलं. लागला! इतक्या वर्षांनी, पहिल्या फुंकरीत, वरचा सा! खिडकीची तावदानं झणझणली, शोकेसमधला काचेचा मोर थरथरला, शेजारच्या फ्लॅटमध्ये कुत्रं भुंकायला लागलं. मी श्वास संपेपर्यंत धरला. फोटोतला दत्ता हसतच होता, त्याला दुसरं येतंय काय. मी वळून ओरडलो, "वहिनी, दगा दिला मला तुमच्या नवऱ्याने! माझी जागा घेतली! का? काय वाकडं केलं होतं मी त्याचं?"

वहिनी दोन्ही कानांवर हात दाबून युफोनियमच्या शेजारी उभ्या होत्या. इतक्या वर्षांत ज्या बाईने मला कधी भावजी आणि तुम्ही याखेरीज हाक मारली नव्हती, तिचं प्रमाण मराठी एका क्षणात मालवणात जाऊन पोचलं. कानांवरचे हात न काढताच त्या माझ्यावर खेकसल्या:

"मेल्या, तुझ्या त्या किंकाळीपायी माका माझो घोव कधी ऐकाकच गावलो नाय!"