एकट्यानं उचललेला पेशंट

सावद्यात तरुणपणी केळीचे घड वाहिलेले. त्यामुळे धुळ्याच्या एका दवाखान्यात ऑपरेशन थिएटरचा अटेंडंट म्हणून लागलो तेव्हा मला वाटलं, माणूस म्हणजे काय, जरा मोठा घडच. घडाचं एक बरं असतं. तो कण्हत नाही आणि उचलताना गळ्याला मिठी मारत नाही.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. आमची ट्रॉली टेबलापेक्षा वीतभर ठेंगणी. टेबल खाली घ्यायचा पायदांडा केव्हाच मेलेला. म्हणजे प्रत्येक पेशंट खालून वर चढवायचा. डोक्याकडून मी, पायाकडून माझ्याहून वयानं मोठे दुसरे अटेंडंट. त्यांना सगळे नाना म्हणत.

अशात वरून तपासणी आली. साहेब दारात उभे, आणि ट्रॉलीवर हर्नियाचा एक भरदार कापूसवाला.

"थांब रे भो, पाय मी धरस," नाना म्हणाले.

"नाना, तुम्ही बाजूला व्हा," म्हणालो आणि कापूसवाल्याला एकट्यानं टेबलावर ठेवलं. साहेब खूश. "वा! तुमच्याकडे तर पहिलवान आहे!"

त्या दिवशी घरी जाताना मला रस्ता अरुंद वाटत होता.

साहेबांनी अहवालात लिहिलं, एक अटेंडंट पुरेसा आहे. महिन्याच्या आत नानांची शिरपूरला बदली. घर धुळ्यात, रोज एसटीचे धक्के. माझ्या फुशारकीची शिक्षा आधी त्यांना झाली.

मग माझी पाळी. एका सकाळी बादली उचलायला वाकलो आणि तसाच राहिलो. सिस्टर म्हणाल्या, "अहो, पाया कुणाच्या पडताय?"

दुसरा माणूस द्या म्हणून अर्ज केला. कारकुनानं माझा एक्सरे उजेडाकडे धरला, जणू तोच तज्ज्ञ. "यात काही दिसत नाही. आणि एकट्याला जमतं, असं साहेबांनीच लिहिलंय." माझीच पहिलवानी माझ्या तोंडावर मारली! अजून आठवलं की संताप येतो. आमच्याकडे कात्री बोथट झाली की तिला धार लावायला पाठवत. ज्याच्या जिवावर पेशंट टेबलावर चढायचा त्या कंबरेची चौकशी करायला एक कागद नव्हता.

कमरपट्टा घेतला. कपडे बदलायच्या खोलीत लपून बांधत होतो, तर समोर आमचे सर्जन. गाऊनखाली त्यांचाही पट्टा! तासन् तास वाकून उभा राहणारा माणूस. म्हणाले, "कुणाला बोलू नका. पेशंटचा धीर जातो." मी सिस्टरना बोललोच. त्या म्हणाल्या, "माझा साडीखाली आहे, तीन वर्षं."

म्हणजे थिएटरात तिघं, तिघांना पट्टे, आणि तिघंही चोरासारखे!

दुसऱ्या दिवशी पेशंट आला. मी हात मागे घेतले. "डॉक्टरसाहेब, मी एकटा उचलणार नाही. माझ्या हातून हा खाली पडेल."

वाटलं, नोकरी गेली. डॉक्टर हात धुवायला निघालेले. ते थांबले, परत आले आणि त्यांनी पाय धरले. सिस्टरनी मधून हात घातले. एक, दोन, तीन म्हणताच आम्ही तिघंही असे कण्हलो, की पेशंट घाबरला.

"भाऊ, ऑपरेशन मनंच शे ना, तुमनं नही ना?"

त्याच दुपारी डॉक्टरांनी कार्यालयाला लिहून दिलं: दुसरा अटेंडंट येईपर्यंत तातडीच्या केसेस सोडून टेबल बंद. माझ्या अर्जाला महिनोन् महिने पाय फुटले नव्हते, त्या चिठ्ठीला चार दिवसांत फुटले. नाना परत आले. मी मान खाली घालून उभा.

"तुनी पहिलवानीनी माले शिरपूर दखाडं," ते म्हणाले आणि न सांगता ट्रॉलीच्या पायाकडे जाऊन उभे राहिले.

ट्रॉली वीतभर ठेंगणीच होती. नाना परत मिळाले. माझी कंबर काही परत मिळाली नाही.