जिनिंगमधून निघालेला फोन

ती घटना आठवली की आजही मला आधी कापूस दिसतो. पांढुर्ण्याच्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, ऑफिसात तो खिडकीच्या उन्हात संथ तरंगत होता आणि टेबलांवर, फोनवर, माणसांच्या भुवयांवर बसत होता. बाहेर संत्र्याच्या बागा फुलल्या होत्या. त्या वासाने बसल्या जागी डोळा लागतो. माझाही लागत होता.

मी प्राथमिक शाळेपुरती शिकले. नवरा गेल्यावर त्याच्या जागी पोलीस खात्यात लागले, हवालदार म्हणून निवृत्त झाले. तेव्हा सौंसर ठाण्यात होते. बोरगावच्या एका मुलीचं लग्न सौंसरला ठरलं होतं. मुलाच्या आईच्या मोबाईलवर फोन येऊ लागले, पोरीला फिट येतात, फसू नका. आवाज रुमालाआडून, बाई की पुरुष कळेना. लग्न थांबलं. मुलीच्या बापाने तक्रार दिली.

सिम एका लेकुरवाळ्या बाईच्या नावावर निघालं. खबऱ्याने कळवलं की ती या जिनिंगमध्ये फोन जोडून देते. टॉवरही तिथलाच. साहेबांच्या मते केस संपली होती. आरोपी बाई, म्हणून विचारपूस माझ्याकडे आली.

ती म्हणाली, “मॅडम, त्या लोकाइले मी ओळखतही नाही. सिम मालकानं माह्या कागदावर घेतलं अन् फोनच्या मशीनीत टाकलं.”

“असं सगळेच म्हणतात.”

“मग सगळ्याइलेच विचारा ना.”

अटक झाली तर सासरचे घरात घेणार नाहीत, हे तिने खाली पाहून सांगितलं. फोन सगळे दुपारचे होते. त्या वेळी मी लेकराला पाजायला घरी जाते, म्हणाली. पण घर मागच्याच गल्लीत, त्याच टॉवरखाली. साहेबांना पटेना.

माझ्या मोबाईलची बॅटरी संपली होती. मालकाच्या रिकाम्या केबिनमधल्या फोनवरून मी सौंसरला माझ्या मुलीला फोन लावला.

“कोन बोलून राहिलं?”

“तुही माय.”

“मग हा कोनाचा नंबर आहे आई?”

मी तिला तो वाचायला लावला. आरोपी बाईचाच नंबर होता. फोन मात्र मी करून राहिले होते. लगेच त्याच फोनवरून साहेबांचा मोबाईल लावला, तर त्यांना दुसराच नंबर दिसला. मी रिसीव्हर धरून तशीच बसले. माझा आवाज भिंतीत शिरून कोणाचं तरी नाव पांघरून बाहेर पडत होता. झोपेत चालल्यासारखं वाटलं.

मालकाने उलगडून सांगितलं. त्या काळी एका कंपनीवरून दुसरीकडे बोलणं महाग पडे. म्हणून मशीनमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं होती. नंबर फिरवला की ज्या सिमवरून स्वस्त पडेल ते सिम मशीन आपोआप निवडायची. फिरवणाऱ्याला पत्ता नसे.

मग मी एवढंच विचारलं की दुपारी ऑफिसात कोण असतं. सगळे घरी जेवायला जात. मुनीम डबा आणायचा.

मुनीम म्हातारा होता. बाहीवरचा कापूस वेचत बसला. फोन या पोरीच्या नावावर पडले, तिला आता आम्ही ठाण्यात नेतो, असं मी त्याला सांगितलं.

“तिच्या नावावर कसे? जिनिंगचाच नंबर पडते ना.”

मी मशीनची गोष्ट सांगितली. तो उठून खिडकीपाशी गेला. बाहेर कापसाच्या गाड्या आवाज न करता सरकत असल्यासारख्या दिसत होत्या.

“तिले मीच कामाले लावलं. कागदही मीच मागतले,” तो म्हणाला. “तिले सोडा. फोन म्या केले.”

त्याच्या भाचीला सौंसरच्या त्याच घराने नकार दिला होता. राग तेवढाच.

त्याचं बयान लिहून झालं. त्या बाईला बोलावून मी सांगितलं, तू सुटलीस. ती रडली नाही. मुनीमासमोर उभी राहिली.

“काका, मॅडम तुमाले न विचारता घरी जेवायला गेल्या असत्या, तर तुमी बोलले असते का?”

मुनीम परत बाहीवरचा कापूस वेचू लागला. पूर्ण नोकरीत माझ्याकडून इतका नेमका प्रश्न निघाला नाही.

सौंसरचे लोक बोरगावला माफी मागायला गेले. मुलीनेच लग्नाला नाही म्हटलं. शहाणी निघाली.

या केसने मला शिकवलं ते एवढं की नंबर कोणाचा हे कळलं म्हणजे बोललं कोण हे कळत नाही. तपास तिथून सुरू होतो, तिथे संपत नाही. आणि पगार देणारा मागेल तो कागद देऊन टाकायचा ही आपली सवय वाईट आहे. त्या बाईने सिम बंद करवलं. मालकाने दुसऱ्या कोणाचे कागद मागितले. त्या जिनिंगमध्ये एकानेही दिले नाहीत. शेवटी मालकाला स्वतःच्या नावावर सिम घ्यावं लागलं.